सकाळी अकरा वाजता सक्षम

आमच्या गल्लीतली लाईट गेली की लोक आधी आमच्या गॅलरीकडे बघतात, मग मेणबत्ती शोधतात. माझी लेक वीज कंपनीत आहे. कनिष्ठ अभियंता. या भागातले ट्रान्सफॉर्मर, खांब आणि तारा तिच्या ताब्यात आहेत, एवढंच तिचं राज्य. पण नातेवाइकांची पक्की समजूत अशी की वीज तीच सोडते, तीच बंद करते आणि मनात आलं तर उशीखाली घेऊन झोपते. दुसऱ्या गावी राहणाऱ्या तिच्या आत्याचा फोन येतो, “मनी, दोन तास झाले गं आमच्याकडे नाही.”

“आत्या, तुमचा भाग माझ्याकडे नाही येत.”

“अगं पण सांग ना कुणाला तरी. तुमचं सगळं आतून एकच असतं.”

जन्मली तेव्हा मांजराच्या पिल्लासारखी बारीक आवाजात रडायची, म्हणून मनी. ऑफिसात तिला मॅडम म्हणतात. थोरामोठ्यांच्या चरित्रात असतात तसली लक्षणं लहानपणी तिच्यात काडीचीही नव्हती. तिनं एकदाही रेडिओ उघडून बघितला नाही. मिक्सर लावला की कानात बोटं घालून दुसऱ्या खोलीत पळायची. पुढं कॉम्प्युटरला मार्क कमी पडले, म्हणून इलेक्ट्रिकलला गेली, आणि मग लग्नानंतर सासर आवडायला लागतं तशी हळूहळू तिला वीज आवडायला लागली. एक खोड मात्र पहिल्यापासून आहे. पाहुण्यांनी “ओळखलंस का मला?” असं कौतुकानं विचारलं आणि तिनं ओळखलं नसेल, तर ती सरळ “नाही” म्हणायची. पाहुणे हसायचे. मी हसायची नाही. या मुलीचं पुढं नोकरीत कसं होणार, ही काळजी मला तेव्हापासून आहे.

नोकरी लागली, पण ती प्रोबेशनवर. कायम व्हायचं तर साहेबांचा शेरा चांगला हवा. साहेब तसे वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच असतं की वरून प्रश्न आला की खालून उत्तर जावं, आणि ते छोटं असावं.

त्यांच्या ऑफिसची एक पद्धत आहे. ती सांगितल्यावाचून पुढचं कळायचं नाही. ट्रान्सफॉर्मरवर भार किती आहे हे तिथं सकाळी अकरा वाजता मोजतात. साहेब दहाला येतात, मग चहा, मग सह्या, अकराला मोजणी, आणि साडेबाराला डबे. साहेबांच्या आधीच्या साहेबांनीही अकरालाच मोजलं. आता सकाळी अकराला आमच्या गल्लीत असतं काय? माणसं कामावर, पोरं शाळेत, कपडे वाळत घातलेले, गॅलरीत एखादी म्हातारी डुलक्या घेत. ट्रान्सफॉर्मर बिचारा निवांत. नवरा-पोरं बाहेर पडल्यावर घरात डोकावून ‘या घरात भांडण नाही’ असा दाखला द्यावा, तशातली ही गोष्ट. पण वर्षानुवर्षं आमच्या भागातले सगळे ट्रान्सफॉर्मर कागदावर अर्धे रिकामे आहेत, आणि कागद कधी गरम होत नाही.

यात गाड्या आल्या.

सरकारनं जाहीर केलं की इथून पुढं सगळी वाहनं विजेवर. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलची रांग नाही. ऐकून मलाही बरं वाटलं. आमच्या समोरच्या प्रोफेसरांनी सगळ्यांत आधी गाडी घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून हवेबद्दल व्याख्यान द्यायला सुरुवात केली. आमच्या ह्यांना ते सहन झालं नाही. हे बँकेतून निवृत्त झालेले. दिवसाकाठी बाजारात एक फेरी आणि बागेत एक फेरी. पण गाडी घेतली. रंगही प्रोफेसरांच्या गाडीपेक्षा गडद. मग वर्षाच्या आत गल्लीत अशी परिस्थिती आली की ज्याच्या घरातून फाटकापर्यंत काळी केबल गेलेली नाही, त्याच्याकडे लोक दयेनं बघू लागले.

तेवढ्यात कुणीतरी वर विचारलं की, सगळ्या देशानं अशा गाड्या घेतल्या तर आपली वीजयंत्रणा पुरेल का? प्रश्न चांगला होता. तो राजधानीत विचारला गेला. तिथल्यांनी खालच्यांना विचारलं, खालच्यांनी आणखी खालच्यांना. असं करत करत तो प्रश्न जिने उतरत आमच्या भागाच्या ऑफिसात आला. साहेबांनी तो माझ्या मुलीकडे दिला. तिच्या खाली कुणी नव्हतं. म्हणजे होता, लाईनमन होता, पण तो त्या दिवशी खांबावर होता.

“मॅडम, उद्यापर्यंत उत्तर द्या,” साहेब म्हणाले. “एकच ओळ लिहायची आहे. ‘यंत्रणा सक्षम आहे.’ बाकीच्या भागांची उत्तरं आली सुद्धा.”

“त्यांनी मोजलं का सर?”

“तुम्ही उत्तर द्या. त्यांची काळजी त्यांना करू दे.”

घरी आली, पण हातपाय धुऊन चहासुद्धा घेतला नाही. पावणेआठला लाईनमनला फोन केला आणि मला म्हणाली, “आई, आपल्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर मोजून येते.”

“आत्ता? अगं अंधार पडलाय. आणि मोजायचं तर सकाळी अकराला असतं ना?”

“अकराला गाड्या कुठं असतात आपल्या गल्लीत?”

मी चपला घालून तिच्या मागं गेले. विजेतलं मला काही कळत नाही, पण पोरगी विजेखाली उभी राहणार असेल तर आईनं शेजारी उभं राहावं, एवढं कळतं. लाईनमन शिडी घेऊन आला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, तोंडानं फटकळ. “मॅडम, माझी दोन वर्षं राहिली रिटायर व्हायला,” तो शिडी लावता लावता म्हणाला. “तेवढी जाऊ द्या, मग वाटेल तेवढं खरं बोला.”

तारेला चिमट्यासारखं धरायचं एक मीटर असतं, ते त्यानं वर लावलं. माणसं कामावरून आलेली. जो येतो तो आधी गाडीला पिन लावतो, मग बूट काढतो. घराघरातून एसी, गीझर, टीव्ही, इस्त्री. ट्रान्सफॉर्मर असा घुमत होता की मला त्याच्या अंगात ताप असल्यासारखं वाटलं.

“किती?” मनीनं विचारलं.

वरून लाईनमननं आकडा सांगितला. मनीचा चेहरा उतरला. “झेपतो त्यापेक्षा जास्त घेतोय हा,” ती मला म्हणाली. “रोज घेतोय. एक गाडी लावली की चार घरांचे एसी एकदम लावल्यासारखं होतं, आणि इथं निम्म्या गल्लीच्या गाड्या लागल्यात.”

शिडी बघून गल्ली गोळा झाली. प्रोफेसर हाफ पँटमध्ये आले. “काय मॅडम, लाईट घालवताय की काय?”

“नाही काका. राहावी म्हणून आलेय. तुमची गाडी रात्री उशिरा लावलीत तर बरं होईल. आत्ता सगळ्यांच्या एकदम लागतात.”

“माझी गाडी पर्यावरणासाठी आहे,” प्रोफेसर म्हणाले. “पेट्रोलवाल्यांना सांगा ना काय सांगायचं ते.”

“पेट्रोलवाले कुठं पिन लावतात?” लाईनमन वरून ओरडला. प्रोफेसरांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू शिडीला वाचा फुटली होती.

मनीनं मग आमच्या फाटकाकडे मोर्चा वळवला. “बाबा, निदान तुम्ही तरी काढा. तुम्हाला उद्या कुठं जायचंय?”

“बागेत,” हे म्हणाले.

“बाग चालत पाच मिनिटांवर आहे!”

“म्हणून काय गाडी उपाशी ठेवू? आणि घरच्या माणसालाच आधी कापायचं, हा कुठला न्याय? आधी त्याची काढ.” हे प्रोफेसरांकडे बोट दाखवून म्हणाले. शेवटी मी नुसतं ह्यांच्याकडे बघितलं, तेव्हा पिन निघाली. तोवर गर्दीत कुणीतरी म्हणालं, लाईट जाणार दिसते, त्याआधी चार्ज करून घ्या. आणि ज्यांच्या गाड्या लागलेल्या नव्हत्या, तेही लगबगीनं घरी जाऊन पिना लावून आले.

दुसऱ्या दिवशी मनीनं साहेबांपुढं आकडा ठेवला. त्यांचं जे बोलणं झालं, ते तिनं रात्री जेवताना जसंच्या तसं सांगितलं.

“कधी मोजलंत?”

“संध्याकाळी आठला, सर.”

“आठला ऑफिस बंद असतं.”

“लाईट चालू असते सर.”

“मॅडम, मोजणीची वेळ अकरा आहे. आठला मोजलेलं म्हणजे सुट्टीच्या दिवशी घातलेला पेपर. कितीही मार्क पडले तरी धरत नाहीत. अकराला मोजलंत का?”

“अकराला गाड्या नसतात सर.”

“झालं तर! गाड्या नसताना यंत्रणा सक्षम आहे. तेवढंच लिहायचंय.” मग आवाज उतरवून म्हणाले, “पुढच्या महिन्यात तुमच्या कायम होण्याचा शेरा मला लिहायचा आहे. तुमच्या उत्तरामुळं एकट्या आपल्या भागासाठी देश अडला, असं मला लिहायला लावू नका.”

माझा घास हातातच राहिला. “मग लिही ना सक्षम आहे म्हणून! सगळ्यांनी लिहिलंय. तुझ्या एका ‘हो’नं काय तारा वितळणार आहेत?”

“आई, वितळतील गं. तेच तर सांगतेय.”

“पण टीव्हीवर तर म्हणतात देशात वीज भरपूर आहे.”

“असेलही. मी नाही कुठं म्हणतेय? वीज आहे. धान्याचं कोठार भरलेलं आहे समज, पण गल्लीत शेगडी एकच, आणि सगळ्यांना आठ वाजताच भूक लागते. पाळीनं जेवले तर पुष्कळ जण जेवतील. नाहीतर शेगड्या वाढवायला पाहिजेत. आम्ही काय करतो? अकरा वाजता, कुणाला भूक नसताना, शेगडीवर हात ठेवतो आणि लिहितो, गार आहे, आणखी पाहुणे बोलवा.”

“आणि तुला कायम नाही केलं तर?”

“नाही केलं तर नाही केलं.”

“नाही केलं तर नाही केलं म्हणे! चार वर्षं परीक्षा दिल्यास. डोळ्यांना नंबर लागला. तू एकटी देशाची शेगडी बघणार आहेस का? देशाला आईबाप नाहीत?”

हे मध्येच म्हणाले, “ती बरोबर बोलतेय. पण आज पिन लावू का, ते आधी सांगा.” आम्ही दोघींनी मिळून त्यांना “नाही” म्हटलं. त्या दिवशी आमचं एकमत झालं ते तेवढ्यावरच.

सकाळी निघताना ती म्हणाली, “आई, मी ‘सक्षम आहे’ असं लिहिलंय. चिडू नकोस.” माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. संध्याकाळी कळलं की तिनं पूर्ण ओळ अशी लिहिली होती: ‘यंत्रणा सकाळी अकरा वाजता सक्षम आहे.’ साहेबांनी शेवटचे दोन शब्द बघून सही केली. ओळ शेवटून वाचायची सवय अनुभवातून येते, असं लाईनमन म्हणाला.

ती ओळ वर गेली. हजारो उत्तरं ‘सक्षम आहे’ अशी होती, आणि त्यात एकच होतं ज्याला वेळ होती. वर बसलेल्या कुणालातरी वाटलं असणार की एवढं नेमकं लिहिणाऱ्या ऑफिसनं नक्कीच अभ्यास केलाय. त्यांनी त्या ओळीचा जो अर्थ काढला, तो माझ्या मुलीच्या स्वप्नातही आला नसता. महिन्याच्या आत परिपत्रक आलं: यंत्रणा सकाळी अकरा वाजता सक्षम असल्याचं निदर्शनास आलं आहे. तरी सर्व नागरिकांनी आपली वाहनं सकाळी अकरा वाजता चार्ज करावीत.

साहेबांचा सत्कार झाला. ‘अकराची योजना’ त्यांचीच, असं त्यांनी भाषणात सांगितलं नाही, पण दुसऱ्या कुणाची आहे असंही सांगितलं नाही. परतल्यावर त्यांनी मनीला बोलावून तिच्या शेऱ्यावर सही केली. ‘उत्तरे नेमकी व मुद्देसूद.’ मनी कायम झाली. मी शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं. ज्यांना सांगितलं, त्यांतल्या दोघांनी लगेच नवीन मीटरचं काम काढलं.

परिपत्रकानुसार सगळे अकराला चार्ज करू लागले. गाड्या तेव्हा ऑफिसांपुढं असतात. मग ऑफिसांच्या खिडक्यांतून केबली लोंबायला लागल्या. बँकेच्या खिडकीतून, शाळेच्या खिडकीतून, दवाखान्याच्या पायरीवरून. मनीच्या ऑफिसच्या आवारात साहेबांच्या गाडीला सावलीतली जागा. आणि अकराच्या ठोक्याला लाईनमननं ऑफिसजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर नेहमीप्रमाणे चिमटा लावला, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा आकडा खरा आला. ट्रान्सफॉर्मर काठोकाठ भरलेला.

“अरे, अकराची मोजणी बिघडली!” साहेब घाबरले. तीन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी मार्ग सापडला. आता संध्याकाळी आठला भार कमी असणार, म्हणून मोजणीची वेळ बदलून आठ करण्यात आली.

मला वाटलं, संपलं. पोरगी कायम झाली, साहेब खूश, आता तिनं मान खाली घालून पगार घ्यावा. पण वरून पुन्हा तोच प्रश्न आला. या वेळी वाहनं दुप्पट होणार होती. शिवाय ज्यांना ऑफिसाची खिडकी मिळाली नव्हती, ते आठला पुन्हा घरीच पिन लावायला लागले होते. मनीनं एका आठवड्यात अकराला मोजलं, आठला मोजलं, मध्यरात्रीनंतरही एकदा मोजलं. (त्या रात्री ती एकटी जाऊ नये म्हणून मी लाईनमनला फोन करून झोपू दिलं नाही.) आणि सविस्तर उत्तर लिहिलं. रात्री उशिरा यंत्रणा रिकामी असते, पाळ्या लावून दिल्या तर बऱ्याच गाड्या झेपतील. पाळ्या न लावता सगळ्यांना एकदम हवं असेल तर आत्ता सक्षम नाही. आमच्या गल्लीला दुसरा ट्रान्सफॉर्मर लागेल, ऑफिसपुढच्या रस्त्याला जाड तार. शेवटचे शब्द तिनं मुद्दाम ठेवले: ‘सक्षम नाही’.

साहेबांनी सवयीनं शेवट वाचला आणि खुर्चीतून उठले. “आता तुम्ही कायम झालात म्हणून?”

“हो सर,” ती म्हणाली. “म्हणूनच.”

ते तसंच वर गेलं, आणि वरचं उत्तर आठवडाभरात आलं. पाळ्यांबद्दल त्यात काही नव्हतं. पाळी लावायची तर लोकांना थांबा म्हणावं लागतं, आणि ते कुणाला म्हणवत नाही. ट्रान्सफॉर्मरबद्दल मात्र नियम होता: नवीन ट्रान्सफॉर्मर जुना जळाल्यावरच मिळतो. अर्जासोबत जळाल्याचा फोटो जोडावा.

“म्हणजे तो जळेपर्यंत वाट बघायची?” मी विचारलं.

“मी बघणार नाही,” मनी म्हणाली. “मी रोज आठला जाऊन लोकांना सांगणार. काही ऐकतील.”

“आणि जळाला, तर तिथं शिडीखाली कोण असेल?”

“मीच,” ती म्हणाली. नोकरी कायम झाल्याचा हा अर्थ मला तोवर कुणी सांगितला नव्हता.

तेव्हापासून ती रोज आठला घरोघर जाते. कुणी चहा विचारतं, कुणी दार लोटून घेतं. परवा तिला ताप होता. अंगात उभं राहायचं त्राण नाही, तरी चप्पल शोधायला लागली. मी तिला दामटून झोपवलं आणि म्हटलं, आज मी जाते. ह्यांचा डोळा चुकवून आधी आमच्याच फाटकावरची पिन ओढली. समोरच्या गॅलरीत प्रोफेसर उभे होते.

“काय वहिनी, लाईट गेली का?”

“नाही हो. जाऊ नये म्हणून काढतेय. मनीला बरं नाही. ती म्हणते, निदान दोन तास थांबा. तुम्हीही काढता का आजच्या दिवस?”

प्रोफेसर विचारात पडले. मला वाटलं, माणूस शिकलेला आहे, पोरीच्या तापाचं तरी ऐकेल.

“तुमची निघाली ना?” ते म्हणाले. “मग जागा झाली की! किती दिवस स्कूटर लावायची राहिली होती.” आणि आत वळून त्यांनी बायकोला हाक मारली, “अगं, ती दुसरी केबल आण. वहिनींनी सोय केली.”

आमची पिन अजून माझ्या हातातच होती. मी ती परत लावली नाही. लावावीशी फार वाटत होती. केबल गुंडाळून, पदराखाली धरून मी पुढच्या दारापाशी गेले आणि बेल वाजवली.